नुसतं बघून सांगणारा

हिंगोलीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तो डोळे मोजायचा. थायरॉइडमुळे माझ्या बायकोचे डोळे बाहेर येऊ लागले होते, म्हणून सेनगावहून दर दोन महिन्यांनी आमची तिथं खेप असे. डोळ्यांच्या कडेच्या हाडांवर टेकवायचं, बारीक आरसे बसवलेलं एक यंत्र त्याच्याकडे होतं. डोळा किती मिलिमीटर पुढे आलाय ते त्यात दिसे. पेशंट नसला की हा गडी त्याच आरशात मिशी न्याहाळी. आकडा मात्र बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडून सांगे, आणि बायको पदर कपाळावर ओढून घेई.

गेल्या खेपेला त्यानं यंत्र उचललंच नाही. जुना कागद पाहून तोच आकडा नव्यावर उतरवला.

"भाऊ, मोजलं कुठं तुमी?" बायको म्हणाली. "झोपताना माझ्या पापण्या मिटून न्हाई राहिल्या."

"ताई, रोजचं काम हाय माझं. नुसतं बघून सांगतो मी. बराबर हाय."

बायको उठून सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. बाईंनी स्वतः यंत्र लावलं. डोळे आणखी तीन मिलिमीटर पुढे आले होते. उशीर झाला असता तर नजर गेली असती, असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथं औषध बदललं आणि त्याला आत बोलावलं.

मला वाटलं, निदान मान तरी खाली घालेल. त्यानं नवा आकडा वाचला, माझ्या बायकोकडे वळला आणि म्हणाला, "काय ताई, एवढं वाढलं तर आधी सांगायचं न्हाई का?"