गुदैबियातली आमच्या गावाची रूम

गुदैबियात आमच्या गावाची एक रूम होती. म्हणायला रूम, होता तो जुन्या बिल्डिंगमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून कुणीही बहारीनला आला की विमानतळावरून थेट तिथे यायचा. काम मिळेपर्यंत त्याच्याकडे भाड्याचं नाव काढायचं नाही, हा रिवाज. फ्लॅटचा करार कुणा एकाच्या नावावर असे. तो माणूस निघाला की शुक्रवारच्या जेवणाला सगळ्यांना विचारायचा, "आता कोणाच्या नावावर करायचं?" कुणीतरी हो म्हणायचं आणि रूम चालू राहायची.

गल्लीचा इतिहास मी चाचांकडून ऐकला. हे माझे सख्खे चाचा नव्हेत, सगळ्या रूमचे चाचा, धंद्याने शिंपी. ते आले तेव्हा समोरच्या बिल्डिंगमध्ये रायगडची माणसं होती, कोपऱ्यावर आमच्या शेजारगावच्या माणसाचं चहाचं हॉटेल होतं. रस्त्यात घरच्या बोलीत हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघायची, असं चाचा सांगत. मग ज्याला फॅमिली व्हिसा मिळाला तो निघाला. मुलांच्या शाळेसाठी कुणी ईसा टाउनला गेला, कुणी मुहर्रककडे. रिकाम्या खोल्यांत बंगाली आले, नेपाळी आले. चहाच्या हॉटेलाच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालं. बायको-मुली आल्यावर मीही अरादला गेलो. पण शुक्रवार सोडला नाही. नमाजनंतर रूमवर चाचांच्या हातचं जेवायचं आणि उन्हं उतरायच्या आत घरी. मला वाटायचं, मी अजून रूमचाच आहे.

अलीकडे करार माझ्या मित्राच्या नावावर होता. आम्ही दोघं एकाच वर्षी आलो, एकाच खोलीत राहिलो. माझी थोरली जन्मली तेव्हा अकिक्याच्या जेवणाचं मटण त्यानेच शिजवलं होतं.

मागच्या ईदनंतरची गोष्ट. शुक्रवारी गेलो तर दार सताड उघडं, आत शिडीवर दोन अनोळखी माणसं भिंतींना रंग देत होती. खाटा नाहीत, शेगडी नाही. वॉचमन जिन्यात भेटला.

"रूम खलास, भाईसाब. आपको नहीं मालूम? आपकेही आदमी ने चाबी दिया."

मी तिथूनच मित्राला फोन लावला. आदल्याच शुक्रवारी तो माझ्या शेजारी बसला होता, स्वतःच्या ताटातली सुरमईची तुकडी माझ्या ताटात टाकली होती. तोंडातून शब्द काढला नव्हता.

"कंपनीने मला ईसा टाउनला फ्लॅट दिला," तो म्हणाला. "बाकीचे आपापल्या कंपनीच्या लेबर कॅम्पवर गेले. करार कोणाच्या नावावर करणार होतो?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. रमजानच्या आधी विचारलं, रमजानात परत विचारलं. बघू म्हणालास."

म्हणालो होतो. खरं सांगतो, मला भीती वाटली होती. रूममध्ये काही झालं की ज्याचं आयडी कार्ड करारावर त्याला बोलावतात. पण हे त्याला तोंडावर सांगितलं नव्हतं.

"आणि चाचा?"

"खाली कॅफेटेरियात बसलेत. त्यांनाच विचार."

चाचा दाराजवळच्या टेबलाशी बसले होते. पायाशी बॅग, बाजूला चादरीत बांधलेलं शिलाई मशीन.

"या, अरादचे सायेब," ते म्हणाले. "आज येळ झाला?"

"चाचा, हे काय?"

"रविवारी चाललो. कायमचा. आता सुईत दोरा जात नाय रे."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"मीच म्हटलं त्याला, सांगू नको."

"का पण?"

"तू आला असतास, डोळ्यांत पाणी आणलं असतंस, आणि असरच्या नमाजच्या आधी गाडीत बसला असतास. मंग कशाला?"

शेजारच्या टेबलावरचा रायगडचा म्हातारा चहाच्या कपात हसला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. समोरच्या बिल्डिंगला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

"रविवारपर्यंत माझ्याकडे चला," मी म्हणालो.

"घरात इचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?" असं म्हणता म्हणता माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. चाचांनी ते पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," ते हलकेच म्हणाले. "तो येतोय गाडी घेऊन."

मित्र आला. मशीनचं एक टोक त्याने धरलं, एक मी. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. "यल्ला, चला चाचा," एवढंच तो बोलला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणायचं होतंत की त्यांना." मला अजून कळत नाही, फोनकडे हात नेताना मी कशाला घाबरलो होतो. आणि हेही कळत नाही, की मी चुकलो म्हणून त्यांनी मला असं वगळावं का. चूक कबूल करूनही राग जात नाही.

रविवारी मी विमानतळावर गेलो. कॅम्पवरचे सगळे सुट्टी घेऊन आले होते. चाचांना मधे घेऊन रूमची माणसं ओळीने उभी राहिली. मीही कडेला जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात मित्राने पुढे येऊन आपला फोन माझ्या हातात दिला.

"तू काढ," तो म्हणाला.

मी ओळीतून बाहेर आलो आणि फोटो काढला.