डोंगराची का बागेची?

आज सोमवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. धारूरचा बाजार.

मंडळी, पारधी वस्तीवरच्या शेवंताकडून मी कित्येक वर्षं सीताफळं घेते. डोंगरातली गोड असतात, म्हणून आजही सवयीने विचारलं, "शेवंता, डोंगराची का बागेची?"

"डोंगराचीच, बाई. डोळे उघडलेली, पिकायला आलेलीच तोडलीत. शेंड्यावरची पाखरांना ठिवून आलेय."

शेजारी वनरक्षक चहा पीत होता. त्याने कप ठेवला. "डोंगर आता अभयारण्यात गेलाय, म्हाईत न्हाई का?"

त्याने शेवंताची फळांची पाटी रस्त्यावर पालथी केली. आधी फासे शोधले. पारध्याची बाई म्हणजे शिकारीण, एवढाच साहेबांचा अभ्यास! फळांखाली निघाला फक्त पाला. मग त्याने फळंच जप्त केली. पुन्हा डोंगरात दिसलीस तर गुन्हा दाखल करीन, म्हणाला.

"मग आमी खावं काय, सायेब?"

"मला कावून इचारती?"

शेवंता माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तरी कावून इचारलं?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. घरी येऊन तीन तास झाले, रिकामी पिशवी अजून मांडीवर आहे.

वनखात्याच्या अधिकाऱ्यांना एकच प्रश्न: डोंगर बंद करण्याआधी वस्तीवर कुणाला विचारलं होतं? उत्तर लेखी हवं, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, आणि ते शेवंताच्या दारात पोचवा. तिला वाचता येत नाही. वाचून दाखवायला मी तिथे बसलेली असेन.