बुटात कोंबलेल्या बातम्या

एर्नामावशीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. देवळातली चार जुनी जर्मन स्तोत्रं, तीही अर्धी विसरलेली, एवढंच तिचं संगीत. तरी आमच्या करागंडा शहरातले केस वाढवलेले झाडून सगळे तिच्या स्वयंपाकघरातून निघालेल्या बातम्यांवर महिनेच्या महिने जगायचे. लंडनमध्ये कोणत्या बँडनं ड्रमवाला बदलला, कोण आजारी आहे, कोणाची नवी तबकडी कधी येणार, हे सगळं आम्हाला ही छप्पन्न वर्षांची, डोक्याला रुमाल बांधणारी बाई सांगायची. वर विचारायची, "या माकडांना केस कापायला कोणी सांगत नाही का रे?"

मी तेव्हा बूटदुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात ती एक जोड घेऊन आली. तपकिरी, कोरा, छत्तीस नंबर.

"हे एकोणचाळीसचे करून दे."

"मावशी, बूट आहे हा, कणकेचा गोळा नव्हे. ताणून ताणून एक नंबर वाढेल. फार तर दीड."

"मग दीड वाढव. उरलेलं मी सोसते."

बूट तिच्या बहिणीनं पाठवले होते, फ्रीडानं, पश्चिम जर्मनीतून. युद्ध संपलं तेव्हा दोघी बहिणी जर्मनीत एका नदीकाठच्या दोन शेतांवर मजुरी करत होत्या. अलीकडच्या काठावर एर्ना, पलीकडे फ्रीडा. अलीकडे आमचं रशियन सैन्य आलं, पलीकडे अमेरिकन. एर्नाला जर्मन म्हणून पकडून मालगाडीत घालून इथे कोळशाच्या खाणीत आणलं. वय तेवीस. इथल्या थंडीनं आणि ओल्या बुटांनी तिचे पाय सुजले ते सुजलेच. फ्रीडाच्या डोक्यात मात्र एर्नाचा पाय तेविशीतलाच राहिला होता, म्हणून दरवेळी छत्तीस नंबर यायचा.

"तिला कळवत का नाही तुम्ही?"

"काय कळवू? माझे पाय बिघडले म्हणून? ती रडत बसेल. तिचं काळीज आधीच दुबळं आहे."

बोलता बोलता मी बुटात कोंबलेला कागद उपसला. आकार मोडू नये म्हणून फ्रीडानं मुलीच्या मासिकाची पानं चुरगळून भरली होती. मी एक उलगडलं आणि माझे हात थांबले. त्यावर 'टिन कॅथेड्रल' या इंग्रज बँडचा गिटारवाला डेनिस हॉब्ज होता; खाली छापलेलं नाव तेवढं मला वाचता आलं. रंगीत. ज्याचा आवाज आम्ही दहाव्या हाताच्या टेपवर ऐकत होतो, ज्याचा चेहरा आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, तो माझ्या हातात सुरकुतलेला पडला होता.

"मावशी, याच्याखाली काय लिहिलंय?"

तिनं चष्मा लावला. "लिहिलंय, की याला सफरचंद खाल्लं की अंगावर पुरळ उठतं. शी! हे छापतात?"

अशी सुरुवात झाली. दोन-तीन महिन्यांनी पार्सल यायचं आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिच्याकडे जमायचो. आधी पानांना इस्त्री. ओलं फडकं ठेवून ती हलक्या हातानं फिरवायची, कारण शाई सुटायची. तिच्या भांडी पुसायच्या फडक्यावर एका गायकाचं तोंड उलटं उमटलं होतं आणि ती त्यानंच बशा पुसायची. मग ती वाचायची, एक वाक्य जर्मन, एक वाक्य रशियन. अवघड शब्द आला की खिडकीकडे बघत थांबायची. रोझा किम, खाणीच्या कचेरीतली टायपिस्ट, ते उतरवून घ्यायची आणि सोमवारी कार्बन लावून पाच प्रती काढायची. पाचवी प्रत वाचायला गरुडाची नजर हवी, पण तीही शहरभर फिरायची.

विदेशी रेडिओ होता म्हणा, पण काही ऐकू येऊ नये म्हणून त्याच्यावर सरकारी घरघर सोडलेली असायची. मॉस्कोच्या गाडीवरचे कर्मचारी बातम्या आणायचे, त्यातल्या निम्म्या त्यांनी तीन दिवसांच्या प्रवासात स्वतः रचलेल्या असायच्या. एर्नामावशीची बातमी छापील होती. तिचा दोष एकच, ती फाटकी यायची. लेखाची सुरुवात डाव्या बुटात, शेवट कुठल्या तरी जर्मन कचऱ्यात.

एक्याऐंशीच्या वसंतात एक पान आलं. वर मोठ्या अक्षरांत मथळा: "डेनिस हॉब्ज: मी का..." आणि तिथे कागद फाटलेला.

आम्ही वेडे झालो. मी का बँड सोडतोय? मी का लग्न करतोय? रोझा म्हणाली, "मरणार असेल. असे चांगले लोक टिकत नाहीत." दोन महिने करागंडात दुसरा विषय नव्हता. पुढच्या पार्सलमध्ये उरलेला तुकडा येईल म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो. पार्सल आलं. बुटात हॉकीची पानं होती.

त्याच उन्हाळ्यात एर्नामावशीचं नशीब उघडायला लागलं. बहिणीकडे कायमचं जाण्याचा तिचा अर्ज तीनदा फेटाळला गेला होता. चौथ्या वेळी परवान्यांच्या कचेरीतल्या बाईनं हळूच सांगितलं, कागद ठीक आहेत, शरद ऋतूपर्यंत होऊन जाईल. एर्नामावशी दुकानात आली ती नवऱ्या मुलीसारखी लाजत.

"झानिबेक, फ्रीडासाठी जाड लोकरी नमद्याच्या सपाता कर. आपल्या इथल्या, शिंगांच्या नक्षीच्या. मी पोचायच्या आधी त्या पोचू देत."

"माप?"

"माझ्या पायाचं घे. छत्तीस वर्षांत तिचाही पाय पसरला असेलच की."

सपाता मी जीव ओतून केल्या. आणि मग जे केलं, ते आजही सांगताना जीभ अडखळते. शब्दकोश घेऊन बसलो आणि मोठ्या छापील अक्षरांत जर्मनमध्ये चिठ्ठी लिहिली: आदरणीय बाई, पानं फाडू नका, पूर्ण अंक पाठवा, हॉब्जचं काय झालं ते कळवा. खाली सही नाही. चिठ्ठी उजव्या सपातेच्या तळव्यात घातली आणि दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकली. फ्रीडाला कळावं म्हणून तळाला एक टाका लाल दोऱ्याचा घातला. माझ्या हुशारीवर मीच खूश. एर्नामावशीला सांगितलं नाही. म्हातारी उगाच घाबरेल, आणि नको म्हणाली तर?

लाल टाका दिसला, पण फ्रीडाला नाही. सीमेवरच्या तपासनिसाला दिसला.

सप्टेंबरात एर्नामावशी भर दुपारी दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली. मग स्टुलावर बसून हसायला लागली. मला वाटलं परवानगी आली.

"मी आज परीक्षा देऊन आले, झानिबेक. तुमच्या त्या बँडची."

तिला गुप्त पोलिसांचं बोलावणं आलं होतं. टेबलापलीकडे दोन साहेब, मध्ये उसवलेली सपात. चिठ्ठी कोणी लिहिली? गुप्त पत्रव्यवहार कोणाशी? हॉब्ज हे कोणाचं टोपणनाव? एर्नामावशी म्हणाली, चिठ्ठी माझी. मला हे संगीत आवडतं.

"थोरला म्हणाला, 'आजीबाई, आम्हाला मूर्ख समजता का?' म्हटलं, विचारा. मग सांगितलं सगळं. ड्रमवाला डावखुरा, बेसवाल्याला जुळ्या मुली, हॉब्जला सफरचंद चालत नाही, तिसरी तबकडी जुन्या गिरणीत ध्वनिमुद्रित केली. पाऊण तास बोलत होते. थोरल्यानं लिहायचंच सोडून दिलं. धाकटा दारापर्यंत सोडायला आला आणि कानात म्हणतो, 'आजी, हॉब्ज खरंच बँड सोडतोय का हो?'"

ती डोळे पुसत हसत होती. मीही हसलो असेन.

"आणि अर्ज?"

"अर्ज संपला. पाच वर्षं नवा करायचा नाही."

मी हातातली आरी खाली ठेवली. मी म्हणालो, "मी जातो. मी लिहिली म्हणून सांगतो."

"म्हणजे काय होईल? मला पाठवणार नाहीत आणि तुला मात्र नेतील. तुझी आई आहे. बस खाली."

मी बसलो. खरं सांगायचं तर मला बसायचंच होतं. ती रागावली असती, कानाखाली वाजवली असती, तर मी कदाचित गेलोही असतो. पण एकदा बसलो तो बसलोच, आणि त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

पुढे पार्सलं यायची ती उघडलेली. बूट असायचे, आतला कागद काढून घेतलेला. मग पार्सलंच बंद झाली. रविवारची गर्दी ओसरली. ज्यांना बातम्या हव्या होत्या त्यांनी दुसरी दारं शोधली, त्यांना तरी काय बोलायचं. मी जात राहिलो. तिच्या चुलीची राख काढायचो, कोळसा भरायचो. गुन्हेगाराला तेवढंच सुचतं.

त्र्याऐंशीत रोझाला एका भूगर्भशास्त्रज्ञाकडून तो पूर्ण अंक मिळाला. ती धावत दुकानात आली, पण तिचा चेहरा पडलेला होता. तिनं मथळ्यावर बोट ठेवलं आणि शब्दकोशातून लावलेला अर्थ सांगितला: "डेनिस हॉब्ज: मी का मांस खात नाही."

मी कझाक माणूस. सकाळी मटण, संध्याकाळी मटण. एका कोबी खाणाऱ्या इंग्रजासाठी मी एका बाईचा जन्म उसवला होता. मी तो अंक एर्नामावशीला दाखवला नाही. दाखवला असता तर ती हसली असती, आणि ते मला सोसलं नसतं.

दरम्यान फ्रीडाची पत्रं यायची. अक्षर वाकडं व्हायला लागलं होतं. एर्नामावशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिने खोडत होती. शहाऐंशीचा सप्टेंबर उजाडला की दुसऱ्याच दिवशी अर्ज द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. बॅग भरूनच ठेवली होती, कॉटखाली. दर वसंतात ती उघडून कपड्यांना ऊन दाखवायची.

पंच्याऐंशीच्या मार्चमधला एक रविवार. मी गेलो तेव्हा चूल विझलेली होती. ती टेबलाशी बसली होती, समोर पत्र. पाकिटावर फ्रीडाचं अक्षर नव्हतं.

"बस. भाचीचं आहे."

तिनं चष्मा लावला आणि वाचायला लागली. एक वाक्य जर्मन, एक वाक्य रशियन.

"प्रिय मावशी, आई सहा फेब्रुवारीला पहाटे गेली. फार त्रास झाला नाही." ती थांबली. "पुढे डॉक्टरी शब्द आहे, मला येत नाही. काळजाचं काहीतरी." मग पुन्हा, "तिची खोली आम्ही तशीच ठेवली आहे. खिडकीजवळचा पलंग तुझा, असं ती सगळ्यांना सांगायची. शेवटच्या आठवड्यात दर सकाळी विचारायची, एर्नाची गाडी किती वाजता येते. आम्ही दुपारची वेळ सांगायचो. मग ती केस विंचरून घ्यायची."

तिनं पत्र नीट घडी घालून पाकिटात ठेवलं. मी तिच्या पायाशी खाली बसलो होतो, कधी बसलो आठवत नाही. आणि रडत होतो, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसा. साडेतीन वर्षांत जे नीट कधी बोललो नव्हतो ते तेव्हा बोललो. माझ्यामुळे, मावशी, सगळं माझ्यामुळे.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड, खरखरीत हात.

"मला एकदा विचारायचं होतंस रे," ती म्हणाली. "मी साध्या पत्रात लिहिलं असतं. फ्रीडा, इथल्या पोरांना ती पानं आवडतात, फाडू नकोस. एवढंच तर होतं. तिनं आनंदानं पाठवली असती."

मी वर बघितलं नाही.

"एवढे रविवार आलास, झानिबेक. विचारलंस का नाही?"