आईला लपवून घेतलेली गाडी

आमच्या बाबांना आयुष्यात एकच गोष्ट उत्तम जमली, ती म्हणजे घासाघीस. शेती त्यांनी बेताची केली, घर बेताचं बांधलं, मला शिकवलंही बेताचंच. पण भाव करायला बसले की डोळखांबच्या आमच्या अख्ख्या पट्ट्यात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. मुरबाडकडच्या जत्रेत बैलबाजार भरायचा तेव्हा लोक त्यांना मुद्दाम सोबत न्यायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलखाली दोघांनी हातात हात घ्यायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना पत्ता लागत नाही. बाबा टॉवेलखाली हात घालून निर्विकार तोंडाने आभाळाकडे बघत बसायचे. जमलं नाही की उठून चालू लागायचे. समोरचा मागून हाक मारायचा आणि तिथेच तो हरायचा.

त्यांचा मुख्य नियम एकच होता. आपली गरज समोरच्याला दिसू द्यायची नाही. पेरणी तोंडावर आली असली तरी बैल बघायला आपण सहज आलोय, नाहीतर बसलोच होतो घरी, असा चेहरा ठेवायचा. हा चेहरा करण्यात आईसुद्धा तयार झाली होती. बाबांचा सौदा चालू असायचा तेव्हा ती लांब कुणाच्या तरी दुकानापुढे बांगड्या बघत उभी राहायची आणि पैसे तिच्या कमरेला असायचे. ओळख द्यायची नाही, असं ठरलेलं असायचं. हे सगळं ती आम्हाला हसून सांगायची, म्हणून मलाही लहानपणी त्याची मोठी गंमत वाटायची.

मग आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आमचा नंबर कल्याणला लागला, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाड्यावरून एसटीने शहापूर, तिथून रिक्षाने आसनगाव, पुढे लोकल, परत रिक्षा. जाताना ती कशीबशी जायची. येताना तिच्यात काही उरलेलं नसायचं. शहापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकायची आणि मी पाटीकडे बघत महामंडळाला शिव्या घालायची. गावातला जीपवाला यायला तयार होता, पण त्याने एका फेरीचे जे पैसे सांगितले ते ऐकून आईच म्हणाली, "त्यापेक्षा मी मरते."

तेव्हा स्वतःची गाडी घ्यायचं ठरलं. मी शहापुरात ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं. नाचणी लावायचो ती उताराची जमीन मुंबईच्या एका साहेबांना फार्महाऊससाठी विकली होती, त्यातले काही पैसे घरात रोख होते. रोख म्हटल्यावर बाबांची छाती फुगली. हातात रोकडा असलेल्या माणसापुढे दुकानदार वाकतो, हे त्यांचं पक्कं मत होतं.

त्या मताचा पहिला निकाल कल्याणच्या एका शोरूममध्ये लागला. काचेचं दार, गार हवा, टाय लावलेला पोरगा. बाबांनी खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं, "रोख देणार." पोराचं तोंड उतरलं. मग तो समजावू लागला की काका, लोन करा, लोन केलंत तर मला काहीतरी कमी करता येईल, रोखीत काही सुटत नाही, आणि एवढी रक्कम आम्हाला रोखीत घेताही येत नाही. बाहेर आल्यावर बाबा रस्त्यात उभे राहून मला विचारत होते, "पैसे हायेत तरी उसने घ्या बोलतो? ह्यो काय धंदा झाला?" मी त्यांना कमिशन वगैरे सांगू लागले, पण ते ऐकत नव्हते. त्यांचा फार अपमान झाला होता.

म्हणून आम्ही जुन्या गाडीवर आलो. शहापूरजवळ हायवेला लागून एक जुन्या गाड्यांचा विक्रेता होता. त्याच्याकडे एक पांढरी छोटी गाडी होती, सात-आठ वर्षं वापरलेली, पण मागची सीट आईला आडवं होण्यापुरती बरी. किंमत दोन लाख तीस हजार. ती मला बघताक्षणी पटली आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

अडचण अशी होती की आम्ही तिथे पोचायचो ते कल्याणहून परत येताना. आई सोबत असायची. हाताला सुया काढल्यावर लावलेली पट्टी, सुजलेले पाय, राखेसारखा चेहरा. तिला घेऊन आत गेलो असतो तर शेठला विचारायची गरजच उरली नसती. बाबांनी समोरच्या रसवंतीकडे बोट केलं. "तू तिथं बस गो. हातावर पदर घे." ती मान हलवून गेली. तिला यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, आणि मी तसं म्हटलंही. पण बाबा म्हणाले, "आजारी माणूस दिसला का वीस हजार चढलेच समज."

ऐन एप्रिल होता. बाबांनी गाडीची तपासणी बैलासारखी केली. पुढून बघितली, मागून उकिडवं बसून बघितली, दहा पावलं चालवायला लावून तिची चाल बघितली. बॉनेटच्या आतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी आत डोकावून "हं" असं म्हणाले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि शेठचा हात हातात घेऊन त्यावर पसरला. शेठ दचकला. त्याने हात ओढून घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काका ठीक हैं ना?"

मला हसूही आलं आणि रडूही. बाबांनी टॉवेल घडी करून परत खांद्यावर टाकला, तोंडाने एक सत्तर म्हणाले आणि शेठ नाही म्हणताच उठून चालू लागले. ते रस्त्याच्या कडेपर्यंत गेले. मागून हाक आली नाही. शेठ फोनवर बोलत होता. बाबा कडेला उभे राहिले, चप्पल झटकली, परत घातली. तरी हाक आली नाही. मग आम्ही आईला उठवून स्टँडवर आलो. आईपुढे उसाच्या रसाचा भरलेला ग्लास होता. नुसतं बसू देत नाहीत म्हणून तिने तो घेतला होता. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे तिने त्याला तोंड लावलं नव्हतं आणि बर्फ वितळून रस पाणचट झाला होता.

मी त्या दिवशी बाबांशी कडाक्याचं भांडले. दहा-वीस हजारांसाठी तुम्ही तिला उन्हात बसवता, म्हणाले. देऊन टाका आणि गाडी आणा. आईच म्हणाली, "करू दे गो त्यांना. त्यांना तेवढंच येतं."

हे असं परत झालं, आणि परत. दर खेपेला तीच रसवंती, तोच ग्लास, बाबांचं तेच उठून चालू लागणं. बाबांना माघार घेता येत नव्हती आणि शेठला घाई नव्हती. आता वाटतं, बाबा फक्त गाडीचा भाव करत नव्हते. डॉक्टरांपुढे त्यांना एक शब्द बोलता येत नव्हता. तिथे सांगतील ते ऐकायचं, लिहून देतील ते आणायचं. भाव करता येईल अशी ती एकच जागा त्यांना सापडली होती. पण हे आता वाटतं. तेव्हा मी नुसती चिडलेली होते.

शेवटच्या खेपेला बाबा आणि मी आत बसलो होतो आणि शेठ बोलता बोलता रस प्यायला समोर गेला. काचेतून मला दिसत होतं. तो आईच्या शेजारच्या बाकड्यावर बसला, तिच्याकडे बघून काहीतरी बोलला. आईने पदर पुढे ओढून मान हलवली. शेठ परत आला तो म्हणाला, "वो मावशीची तब्येत बरी दिसत नाय. पंख्याखाली येऊन बसा बोललो, नको म्हणाली. तुमच्या ओळखीतली आहे का?"

"नाय बा," बाबा म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. बाबांनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. मग शेठ म्हणाला, चला काका, तुम्ही पण थकवलंत, एक पंचाऐंशी करा आणि न्या. बाबांनी तिथल्या तिथे पैसे काढले.

स्टँडवर आल्यावर बाबांना लहान पोरासारखा आनंद झाला होता. पंचेचाळीस हजार उतरवले, पंचेचाळीस! त्यांनी आईला विचारलं, शेठ तुझ्याशी काय बोलला. आई म्हणाली, "संगं कोण हाय विचारत होता. मी बोलले, कोण नाय, एकटीच हाय. गाडीची वाट बघते." बाबांनी मांडीवर थाप मारली. "बग! जत्रेतली हाय अजून!" आई हसली नाही. एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत राहिली आणि घरी पोचेपर्यंत बोलली नाही. ती थकली आहे असंच मला वाटलं.

कागदपत्रं झाली आणि गाडी दारात आली. बाबांनी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी कल्याणची पाळी होती. मी सकाळी गाडी पुसून, मागच्या सीटवर उशी आणि चादर टाकून तयार. आई उंबऱ्यावर येऊन बसली. साडी बदललेली नव्हती.

"मी येत नाय," ती म्हणाली.

आज नको वाटतंय का, मी विचारलं. ती म्हणाली, आज नाय आणि उद्या बी नाय, मला ते आता पुरे. मी ओरडले. डायलिसिस सोडलं तर काय होतं ते तुला ठाऊक आहे का, मरशील, असं तोंडावर म्हणाले. "ठावं हाय गो," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता सांगू लागली, "त्या रसवंतीत बोलले ना, संगं कोण नाय म्हणून. सौद्यापायीच बोलले. पण बोलल्यावर इतकं मोकळं वाटलं. कोणी माझी वाट बघत नाय, माझ्यापायी कोणी धावत नाय. किती दिसांनी तसं वाटलं."

बाबा पुढे सरसावले. बरं, दोनदा नको, आठवड्यातून एकदा चल. डॉक्टरांना मी सांगतो. आता एसटी नाय, रिक्षा नाय, झोपून जायचं. बरं, महिनाभर कर, मग बघू. बरं, पावसापर्यंत. बरं, निदान आज चल, दारात गाडी उभी हाय, आजच्या दिवस चल. ते एकेक पायरी उतरत होते आणि आई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ते पुढे काय बोलणार ते तिला आधीच माहीत असल्यासारखं तिच्या तोंडावर थोडं हसू होतं.

शेवटी बाबांकडे कमी करायला काही उरलं नाही. "मग तूच सांग," ते म्हणाले. "किती वेळा येशील, तू सांग."

"एकदा बी नाय."

समोरच्याने सांगितलेला आकडा बाबांनी जन्मात कधी तसाच घेतला नव्हता.

"बरं," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.