नवापूरच्या किनाऱ्यावरचा बुध

होडीच्या कंदिलाला ग्रह समजणारी बाई आमच्या नवापुरात एकच होऊन गेली, आणि ती मी. पालघरच्या कॉलेजात एक वर्ष काढलेलं, त्यामुळे नाक कायम आभाळाकडे. आभाळातलं मात्र काडीचंही कळत नव्हतं. नातवंडं अजून हसतात. हसोत बापडी. पण त्या चुकीपायी ज्यांचं शेवटचं मागणं बुडालं, ते माझे चुलत सासरे हसण्यावारी न्यायचे नव्हेत.

गाव त्यांना बुधमास्तर म्हणे. जाळ्याहोड्यांच्या घरात जन्मून ते बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवायला सायकलने जात. लग्न केलं नाही. दिवेलागणीनंतर आमच्या चुलीपाशी येऊन बसायचे आणि माझी नजर चुकवून मिठाची चिमूट जाळात टाकायचे. जाळ भक्कन पिवळा होई.

"बघ सूनबाय, हा बुधावरचा वारा!"

"काका, त्या वाऱ्यापायी माझी भाकरी करपली."

मासिकात नवीन काही वाचलं की त्यांना ते कोणाला तरी सांगायचंच असे, आणि तव्यावर भाकरी असल्यामुळे पळून न जाऊ शकणारी मी एकटी. बुध म्हणजे सूर्याच्या अगदी जवळचा ग्रह, नुसता दगड. आपल्यासारखी हवा त्याला नाही. पण ऊन त्या दगडावर असं आदळतं की त्यातले सोडियमचे कण सुटून उडतात. मिठातला सोडियम तोच, कारखान्यांच्या रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांतला तोच. काही कण परत दगडावर पडतात, काहींना तेच ऊन ढकलत ग्रहाच्या मागे लांब घेऊन जातं.

"बोंबील वाळताना बघतेस ना? ऊन पानी काढतं नि घेऊन जातं. तिथं बी तसंच. सोडवनारा तो, नेनारा बी तोच." मग आवाज उतरायचा. "हवा इतकी विरळ, की एक कन दुसऱ्याला भेटतच नाय. एकटाच उडतो, एकटाच पडतो."

"बरं आहे की, भांडण नाही!" मी म्हणायचे. विशीतल्या बाईला एकटेपणाचा विनोद फार लवकर सुचतो.

गंमत म्हणजे बुधमास्तरांनी बुध कधी पाहिलाच नव्हता. सूर्य बुडाल्यावर तो जरासा वेळ दिसतो, पाण्याला टेकलेला. नेमके तेव्हा काका सायकलवर, आणि वाटेत कारखान्यांचा धूर. निवृत्त झालो की बघू, म्हणाले. निवृत्त झाले आणि काचबिंदू निघाला. पालघरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेलीही जाईल. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसू लागलं.

"होळीनंतर बुध वर येईल," ते म्हणाले. "मला आता शोधता येनार नाय. तू शोध, नि माझं डोकं तिकडं फिरव. येकदा बघतो, मग जाऊ देत डोळे."

रोज आम्ही किनाऱ्यावर उभे राहायचो. रोज क्षितिजावर मळकट पट्टा. एका संध्याकाळी मात्र आभाळ लख्ख झालं, आणि मला पाण्यालगत ठिणगी दिसली. मी किंचाळलेच. त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून तिकडे वळवलं.

"हलतोय, काका!"

"हलनारच! आपली हवा जाड, ती हलवते."

"पिवळा आहे."

"पिवळा?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. तो सोडियम नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे त्यांनीच मला चुलीपाशी सांगितलं होतं. पण त्या घटकेला ते मास्तर नव्हते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "दिसला गो," म्हणाले, "दिसला!"

आम्ही बघत राहिलो. बुध मोठा होत गेला. मग बुधाला शीड फुटलं.

"अगो सूनबाय," मासळी उतरवायला आलेल्या जनाआत्या ओरडल्या, "तुजा बुध आमचा बाबू चालवतोय! पापलेट हायेत त्यात, घेतेस का?"

सगळा किनारा हसला. काकाही हसले, सगळ्यांत शेवटी. मी घाईने वर पाहिलं. खरा बुध थोडा उजवीकडे असावा. तो केव्हाच बुडाला होता. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मळकट पट्टा, पुढे पाऊस. पुढल्या होळीला त्यांना कंदीलही दिसत नव्हता.

मी त्यांच्या दारापुढून मान खाली घालून जाऊ लागले. मग यांच्या नोकरीपायी आम्ही पालघरला बिऱ्हाड केलं. येते, काका, असे निरोप पाठवायचे. नवापूर काही परदेशात नव्हतं. तरी मी तिथे गेले ती एकदा घरच्या लग्नाला, आणि नंतर थेट त्यांच्या बाराव्याला.

त्या लग्नात मांडवातून निसटून मी किनाऱ्यावर आले. वाळत्या बोंबलांपाशी ते एकटे बसले होते. दिवस बुडत होता आणि त्यांचं तोंड भलत्याच दिशेला होतं. मी मागून त्यांचं डोकं धरलं आणि पश्चिमेला फिरवलं. हात त्यांनी ओळखला.

"काका," मी म्हटलं, "माझ्यामुळे तुमचा बुध गेला."

पाण्याकडे तोंड ठेवूनच त्यांनी माझा हात थोपटला. मग म्हणाले, "बुध गेला त्याचं काय नाय गो. आता कंदील दाखवून बुध म्हन, मी हो म्हनेन. पन दाखवायला येत जा."