अमावस्येचा बॅकअप

आमच्या चुलत सासऱ्यांच्या गळ्यात नको ती वस्तू मारील असा दुकानदार अजून जन्माला यायचाय. कोल्हारच्या त्यांच्या घरात साधा झाडू आणायचा झाला, तरी ते आधी दुकानाचा अर्धा ओटा झाडून बघतात. कलिंगड वाजवून सगळेच घेतात. काका कुकर वाजवून घेतात. छत्री दुकानातच उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. आणि चप्पल घ्यायची म्हटलं की ती पायात घालून अख्ख्या बाजाराला चक्कर मारून येतात. तोवर मी दुकानात ओलीस!

अशा माणसाबरोबर नगरला एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्यायला जायची पाळी माझ्यावर आली. कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. गावात कुणाचंही बारसं असलं की पाळणा म्हणायला आमच्या काकूच लागायच्या. पण गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज असा बसला की त्यांची हाक शेजारच्या खोलीतही पोचेना. ऑपरेशनच्या आधी काकांनी हौसेनं त्यांचे पाळणे कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केले होते, तेवढेच काय ते उरले. आणि तो कॉम्प्युटर त्या सुमारास सुरू होताना कण्हायला लागला होता.

दुकानदार बिचारा उत्साहानं एसएसडी दाखवत होता. "काका, हिचा स्पीड बघा, मिनिटात कॉपी!"

"मला कुठं घाई हाय? मी अमावस्येला बॅकअप घेणार. त्या दिशी आमी दुसरं काम काढतच न्हाई."

मग त्यांनी एकेक ड्राइव्ह तळहातावर तोलली, हुंगली, केबल ओढून पाहिली आणि "पडली तर काय व्हईल?" असं विचारत हात काउंटरच्या बाहेर नेला. दुकानदारानं झडपच घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तो म्हणाला, अधूनमधून वापरायला ही साधी हार्ड डिस्क पुष्कळ झाली, फक्त कॉपी झाल्यावर एकदा उघडून बघत जा. यातलं पहिलं काकांना पटलं. दुसरं त्यांनी ऐकलंच नाही, कारण तेव्हा ते पिशवीचे बंद ओढून बघत होते.

यंदा कॉम्प्युटरनं एकदाचे डोळे मिटले. आतलं काहीच निघणार नाही, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. काकूंचा फोन आला. कान देऊन ऐकावं लागलं. "अगं, ये बाई. ह्यांनी सकाळपासनं काय खाल्लं न्हाई."

मी लॅपटॉप घेऊन पोचले, तर काका बाजरीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून उभे!

"अहो काका, ड्राइव्ह कुठंय?"

"हितंच तर हाय. लिंबाचा पाला घालून ठिवलीय. कीड लागत न्हाई."

अगं बाई! धोतराच्या फडक्यातून ड्राइव्ह निघाली खरी, पण केबल काही आत जाईना. तिच्या खाचेत बाजरीचा दाणा बसलेला. काकूंनी बांगडीला अडकवलेली पिन काढून दिली आणि मी जीव मुठीत धरून तो दाणा उकरला. "कधी उघडून बघितली होती का हो?" काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा एवढासा झालेला चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

ड्राइव्हचा दिवा लागला. फोल्डर उघडलं. आणि काकूंचा जुना, खणखणीत आवाज घरभर झाला.

"आहेत! सगळे आहेत!" मी ओरडलेच.

काका भिंतीला टेकून खालीच बसले. "वाढ गं काय तरी," काकूंना म्हणाले, "लई भूक लागली." पण काकू उठल्या नाहीत. ऑपरेशननंतर स्वतःचा तो आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

पाळणा मध्येच थांबला. रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी जोरात खोकलं, आणि पाठोपाठ काकू कडाडल्या, "अवो, खोकू नका ना मधीच! पुन्यांदा म्हनाया लावता का?"

इकडे काकांनी खाकरायला उघडलेलं तोंड खांद्यावरच्या पंच्यानं घट्ट दाबून धरलं. काकू डोळे पुसत, आवाज न करता हसत राहिल्या. आणि पाळणा संपेपर्यंत काकांनी तोंडावरचा पंचा काही काढला नाही.