टॅपेटचा आवाज गेला तवा

नवऱ्याची बदनामी करू नाई म्हनतात. मी बदनामी करून नाई राह्यली, जे झालं ते सांगून राह्यली. आमचे हे, पंजाबराव, इंझोरीचे. बावीस वर्षं झाली, स्टेरिंगवर आहेत. आधी लोकाचा ट्रॅक्टर, मंग कामरगाव लाईनची जीप, अन् आता सहा वर्षांपासून सोताची व्हॅन. जुनी, पांढरी, गॅसवर चालनारी. दारू नाई, तंबाखू नाई, जुवा नाई. खोड एकच. कोनी चूक दाखवली का हा मानूस बहिरा होते.

दोन वर्षांपासून आमी दोघं एकाच कामावर होतो. कारंजाचे जिनदास शेठ, कापडाचे दुकानदार. त्यांच्या बायकोच्या, अंगुरीबाईच्या, दोन्ही किडन्या गेल्या. दर सोमवारी अन् गुरुवारी त्यांना वाशिमले न्यायचं, चार घंटे मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं अन् वापस आनायचं. शेठ पंच्याहत्तरीचे, पोरगा अर्पित पुन्याले. म्हनून हे गाडी चालवत अन् मी बाईजवळ बसो. मशीनवरचा नंबर नऊचा. साडेनऊपर्यंत पेशंट आला नाई का मशीन दुसऱ्याले. दोन वर्षांत हे एक दिवस लेट झाले नाईत. खड्डा आला का गाडी अशी काढत, जसं दुधाचं भरलेलं गंज मांडीवर घेतलं आहे. बाई म्हनत, "पंजाबराव असले की मी निवांत डोळे मिटते." ते ऐकून ह्यांची छाती अशी फुगे का विचारू नका.

आता त्या व्हॅनचं सांगते. तिले एक आवाज होता, टिक-टिक-टिक-टिक. गाडी मारुतीच्या पाराजवळ आली का मले घरात ऐकू ये अन् मी चहा मांडो. यंदा थंडी सरता सरता तो आवाज कमी कमी होत गेला. एक दिवस गाडी दारात येऊन उभी राह्यली, तरी मले पत्ता नाई. हे तं खुश!

"पाह्य गंगू, इंजिन कसं लोन्यावानी चालून राह्यलं. नव्या तेलाचा गुन आहे."

मानोरा रोडवर हरिसिंग मिस्त्रीचं गॅरेज आहे. ह्यांचा जुना दोस्त. मार्च महिन्यात आमी तिथं हवा भराले थांबलो. हरिसिंगनं गाडीले हात लावला नाई, नुस्ता कान देला अन् विचारलं, "टॅपेट कवा केले होते, पंजाब?"

हे हसले. "आवाजच नाई तं टॅपेट कायले करू?"

"आवाज नाई म्हनूनच विचारून राह्यलो," हरिसिंग म्हने.

मले काई समजलं नाई. तवा त्यानं मले समजावलं. "भाबी, इंजिनात वाल राहतात, गंजावरच्या झाकनीवानी. उघडतात अन् बसतात. त्याच्या डोक्यावर कागदाएवढी फट ठेवा लागते, काहून का लोखंड तापलं का वाढते. फट असली का टिक-टिक होते. गॅसच्या गाडीत वाल आपली जागा खात खात वर सरकते अन् फट बुजते. मंग आवाज जाते. पन गाडी तापली का झाकनी पुरी बसतच नाई. आग मधातून निसटते अन् वालाची कड जाळते. आता टॅपेट करून ती फट देली तं अर्ध्या घंट्याचं काम. नाई देली तं मंग पुरं इंजिन उघडा लागते."

"मंग करून टाका ना आत्ताच," मी म्हनली.

"आत्ता होत नाई. इंजिन पुरं थंडं पाहिजे. रातभर गाडी इथं उभी करा, सकाळी करतो."

हे म्हने, "यात्रा होऊ दे."

पोहरादेवीची रामनवमीची यात्रा तोंडावर आली होती. बाईचे दोन दिवस सोडले तं बाकी पाच दिवस ह्यांच्या फेऱ्या. मानोरा ते पोहरादेवी, पोहरादेवी ते मानोरा. गाडी दिवसभर भट्टीवानी तापलेली. तिले थंडं व्हाले टाईमच नाई.

मंग एक एक सुरू झालं. चढावर गाडी दम टाके. हे म्हने, गॅस खराब भरला. उभ्या गाडीत इंजिन थरथर करे. हे म्हने, प्लग गेले असतीन, अन् नवे प्लग टाकले. तापलेली गाडी बंद केली का लवकर सुरू होये नाई. हे म्हने, बॅटरी. अन् मंग मानसानं युक्ती काढली. गाडी बंदच करायची नाई. पोहरादेवीले सवाऱ्या उतरवतानी इंजिन चालू, चहा पितानी चालू. बाईच्या फेरीत कवाच काई दिसलं नाई, कारन सकाळी गाडी थंडी राहे, एका दमात वाशिम गाठे अन् तिथं चार घंटे उभी राहे, पुन्हा थंडी होये. बाईले काई माहीत नाई. शेठले काई माहीत नाई.

मी बोलली. एक डाव नाई, दहा डाव बोलली. "हरिसिंगनं काय सांगतलं होतं?"

"तुले गाडीतलं काय समजते?"

"मले नाई समजत, पन त्याले समजते ना! का त्याच्यापरीस तुमी मोठे मिस्त्री झाले?"

जेवन सोडून उठून गेले. अशा मानसाशी डोकं फोडून घ्यावं का भिंतीशी, तुमीच सांगा.

यात्रा झाली. आता तं नेतीन गाडी, असं मले वाटलं. तेवढ्यात बाईनं हट्ट धरला. यंदा महावीर जयंती गुरुवारी आली. बाई म्हने, "मिरवणूक आपल्या दारावरून जाते. कोण जाणे, पुढच्या वर्षी मी असेन-नसेन. गुरुवारी मी जाणार नाही." शेठनं समजावलं, मी पाय धरले, बाई ऐकत नाईत. दवाखान्यानं सांगतलं, शुक्रवार-शनिवार जागा नाई, लयच त्रास झाला तं तातडीनं आना, नाई तं सोमवारी नऊले आना, अन् लेट करू नका. सोमवार ते सोमवार, सात दिवस बाई बिनामशीनच्या. रविवारी संध्याकाळी मी पाह्यलं तं पायावर बोट दाबलं का खड्डा तसाच राहे. आडवं होता येत नाई, बसल्या बसल्या दम लागे. मी म्हनली, आत्ताच नेऊ. बाई म्हने, "एक रात्र तर काढायची, सोमवार उजाडेलच."

तो सोमवार म्हनजे चौदा एप्रिल. गावात बाबासाहेबांची जयंती. बाकी सारे पांढरे कपडे घालून विहारात जमून राह्यले अन् आमी दोघं पहाटेच झेंड्याले हात जोडून निघालो. ह्यांनीही पांढरा सदरा घातला होता. कारंजाहून बाईले घेतलं तवा पावनेसात झाले होते. टाईम भरपूर होता.

मंगरूळपीर मागं पडलं अन् ऊन चढलं. बाईचा दम वाढला. त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या होत्या अन् प्रत्येक श्वासाले त्यांचं अंग उचलल्या जाये. व्हॅनचं इंजिन समोरच्या सीटखाली राहते, सारी गरमी वर येते. सव्वाआठच्या सुमारास बाई एकदम म्हनल्या, "थांबवा, मला मळमळतं."

ह्यांनी निंबाखाली गाडी लावली. मी दार उघडलं, बाईले वकारी आली, निस्तं पानी पडलं. मंग डोळे मिटून त्या म्हनल्या, "पंजाबराव, ते इंजिन बंद करा ना. वाफ लागते, सहन होत नाही."

ह्यांचा हात चाबीवर गेला अन् तिथंच थांबला. मी पाह्यलं. मले त्याच वक्ती समजलं. पन माझ्या तोंडातून शब्द निंघाला नाई, अन् ह्यांच्याही नाई. बाई पुन्हा म्हनल्या, "करा ना बंद." ह्यांनी चाबी फिरवली.

दोन मिनिटांत बाईले जरा बरं वाटलं. "चला," म्हनल्या. ह्यांनी सेल्फ मारला. इंजिन असं मोकळं फिरे, जशी पानी नसलेल्या विहिरीवरची मोटर. पकडे नाई. पुन्हा मारला. पुन्हा. ह्यांच्या मानेवरून घाम उतरून राह्यला होता.

"काय झालं?" बाईनं विचारलं.

"काई नाई, बाई. दोन मिनिटं."

हरिसिंगले फोन लावला. मले त्याचा आवाज बाहेर ऐकू आला. "सेल्फ मारू नको, बॅटरी मरीन. वाल तापून उघडेच राह्यले आहेत. सीट उचल, हवा लागू दे. अर्धा-पाऊन घंटा लागीन. पंजाब, गाडीत कोन आहे?"

ह्यांनी फोन ठेवून देला.

साडेआठ झाले. वाशिम अजून पंचवीस-तीस किलोमीटर. हे सीट उचलून पुठ्ठ्यानं इंजिनले हवा घालून राह्यले होते, जसं काई चुलीतला धूर हाकलून राह्यले. मी बाईले निंबाच्या बुडाशी टेकवून बसवलं. मी त्यांचे ओठ पाह्यले. निळसर पडले होते. त्या बोलत नव्हत्या, निस्त्या हातानं माझा पदर धरून होत्या.

"दुसरी गाडी थांबवू," मी म्हनली.

"अवं, होतेच आता सुरू. लोकाच्या गाडीत कायले कोंबतं त्याईले? दहा मिनिटं थांब."

मी दहा मिनिटं थांबली. ह्या दहा मिनिटांसाठी मी सोताले अजूनही माफ केलं नाई. पावनेनऊले ह्यांनी सेल्फ मारला. नाई झाली. "आनखी पाच मिनिटं," म्हने.

मंग माझं डोकं सनकलं. मी रस्त्याच्या मधात जाऊन उभी राह्यली. एक कार भोंगा वाजवत बाजूनं निघून गेली. एसटी आली, दारापर्यंत भरलेली, थांबली नाई. हे धावत आले अन् माझा दंड धरला. "गंगू, मरशीन! काहून तमाशा करून राह्यली? मी सांगतो ना, होते सुरू!"

"जळो तुमची गाडी!" मी ओरडली. "तिकडं बाई मरून राह्यली अन् तुमाले तुमची गाडी सुरू करून दाखवाची आहे! दंड सोडा माझा!"

लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यावर असं रस्त्यावर ओरडली नव्हती. त्यांचा हात आपोआप सुटला.

तेवढ्यात एक पिकअप आली, निळे झेंडे लावलेली, मागं दहा-बारा पोरं. जयंतीले वाशिमले चालली होती. ड्रायव्हर पोरगा खाली उतरला. धम्मरत्न नाव त्याचं, मंग समजलं. "जय भीम, ताई, काय झालं?" मी निंबाकडं बोट दाखवलं. त्यानं आनखी एक शब्द विचारला नाई. पोरांनी बाईले उचलून समोर बसवलं, मी बाजूनं धरून बसली. निघतानी मी मागं पाह्यलं. हे रस्त्यावर उभे, हातात पुठ्ठा. माझ्या मनात कीव नव्हती. राग होता, निस्ता राग.

त्या पोरानं गाडी कशी हाकली, तथागताले ठाऊक. बाईची मान एकडाव माझ्या हातावर ढिली पडली अन् मी किंचाळली. पोरगा म्हने, "ताई, बोलत राहा त्यांच्याशी, झोपू देऊ नका." मी काय बोलली ते आता आठवत नाई. दवाखान्यात पोचलो तवा नऊ पस्तीस. मशीनवर दुसऱ्या पेशंटची तयारी सुरू झालेली. डॉक्टरनं बाईच्या छातीले नळी लावून ऐकलं अन् त्या पेशंटले उठवलं. छातीत पानी चढलं होतं. बाहेर आल्यावर मले म्हने, "अजून अर्धा तास झाला असता तर इथं आणून उपयोग नव्हता."

हे सव्वादहाले आले. व्हॅन घेऊनच आले. थंडी झाली अन् सुरू झाली. माझ्याजवळ येऊन पह्यला शब्द काय बोलावा मानसानं? "एका सेल्फमधी सुरू झाली वो." मी तोंड फिरवून घेतलं. मंग ते तिथंच फरशीवर बसले अन् दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान लेकरावानी रडले. मी उठवलं नाई.

बाई वाचल्या. तीन दिवस भरती होत्या. हरिसिंगनं इंजिन उघडलं तं एका वालाची कड जळून गेलेली, करपलेल्या भाकरीचा कोर तुटावा तशी. त्यानं तो वाल ह्यांच्या हातावर ठेवला. कामाले दहा-बारा दिवस लागले. तेवढे दिवस शेठनं दुसरी गाडी लावली अन् मी त्या गाडीनं बाईसंगं जात होती. वाटेत बाईनं विचारलं, तवा हे गाडी काहून बंद करत नव्हते ते मी खरं सांगून टाकलं. हे घरी मोजून जेवत, मोजून बोलत. पन गाडी तयार झाली त्या दिवशी चेहरा जरा उघडला. "सोमवारी बाईले मीच नेतो," म्हने.

सोमवारी पहाटे गाडी धुतली, मले बसवलं अन् कारंजाले शेठच्या दारात आमी टाईमाच्या आधी उभे. तिथं दुसरी कार उभीच होती. शेठ खाली मान घालून म्हने, "पंजाबराव, अर्पितचं म्हणणं आहे की..."

"शेठजी, नवे वाल टाकले. हरिसिंगले विचारा ना, आता काई भेव नाई," हे घाईघाईनं बोलत राह्यले. मले त्यांच्याकडं पाहवे नाई.

तेवढ्यात बाई काठी टेकत बाहेर आल्या अन् ह्यांच्यासमोर थांबल्या.

"अर्पितनं नाही, पंजाबराव. मी सांगितलं दुसरी गाडी लावायला."

बाईनं काठी दोन्ही हातांनी धरली.

"तुमच्याइतकं जपून मला कोणी नेलं नाही. ते मी विसरणार नाही. आणि गुरुवारी मी हट्ट केला, ती चूक माझी. पण त्या दिवशी मी म्हटलं बंद करा, आणि तुम्ही बंद केली. बंद केली तर सुरू होणार नाही, एवढं एक वाक्य तुम्ही मला बोलला नाहीत. मी सोसली असती हो गरमी." बाईले दम लागला. त्या थांबल्या, श्वास घेतला. "राग नाही माझा. पण मला जगायचं आहे."

हे म्हने, "बराबर आहे, बाई." पुढं होऊन त्यांनी त्या कारचं दार उघडलं, बाईचा हात धरून त्यांना आत बसवलं अन् बाजूले सरकले.

आता मी काय करावं? माझा मानूस तिथं रस्त्यावर उभा, धुतलेल्या गाडीजवळ एकटा. मी एक पाऊल त्यांच्याकडं टाकलंही, खोटं नाई सांगत. पन बाईले धराले कोनी पाहिजे होतं. मी बाईजवळ जाऊन बसली अन् दार आतून मीच लावलं.